जिन्याचं तिसरं बटण

सोमवार, ७ तारीख

पोचलो. गावात शिरताना विजेच्या खांबांवर एक नजर टाकली आणि कळलं की इथे कामाला तोटा नाही. एकाही खांबावर तारा धड ताणलेल्या नाहीत. मला अशी गावं आवडतात. दुसऱ्यांच्या गाढवपणावर माझी वीस वर्षं छान गेली आहेत.

घर दुमजली आहे, भक्कम, एका ओळीतलं शेवटचं. मालकीणबाई पन्नाशीच्या असतील. त्यांना मी पहिल्याच चहाला वहिनी म्हणून टाकलं. त्या शिवणकाम करतात, मोजकं बोलतात. वर त्यांच्या सासूबाई असतात. मला वरचीच मागची खोली दिली आहे. खिडकी मोठी, पलंग कुरकुरत नाही, जेवण घरचं. पंधरा दिवस मजेत जातील.

सगळ्या घराचं वायरिंग बदलायचं आहे, पण वहिनींना आधी जिना हवा आहे. जिना दोन भिंतींच्या मधून जातो. खालून आठ पायऱ्या, मग वळण, मग सात. खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. वळणावर एक दिवा आणि त्याला दोन बटणं, एक खाली स्वयंपाकघराच्या दाराशी, दुसरं वर माझ्या खोलीबाहेर. खालून लावा, वरून मालवा. दिव्याचं काम एवढंच, पण या घरात ते तीन वायरमनांना जमलेलं नाही म्हणे. मी हसू दाबलं.

आजी, म्हणजे सासूबाई, तीन वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. रविवारी वीस तारखेला त्यांची धाकटी बहीण यायची आहे. बहिणीला जिना चढवत नाही, आजींना उतरवत नाही. त्या दोघींची भेट माझ्या दिव्यावर अडली आहे. मी आजींना सांगून टाकलं की वीस तारखेला तुम्ही खाली बसून चहा पिणार.

ही वही मी प्रत्येक कामाला ठेवतो. पुढे कोणी माझ्या नावाने खडे फोडायला नको.

मंगळवार, ८

बोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला.

हे वायरिंग आजींच्या मुलाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, स्वतः केलं होतं. कचेरीत कारकून होता, हौशी होता. हौशी माणसाच्या हातात पक्कड देणाऱ्याला खरं तर शिक्षा हवी. शहाण्याने काय करावं? फेज, म्हणजे वीज आणणारी तार, एका बटणाला द्यावी, दोन्ही बटणांच्या मध्ये दोन तारा टाकाव्यात, दुसऱ्या बटणातून दिव्याला न्यावं. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, थेट दिव्याला. बटण दाबलं की वीज या तारेवरून त्या तारेवर जाते, बस. शेंबड्या पोराला समजेल. या महाशयांनी तार वाचवायला फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा दोन्ही बटणांत आणून ठेवल्या होत्या आणि दिवा मध्ये टांगला होता. दिवा लागतो, नाही असं नाही. पण मालवल्यावरही होल्डरच्या दोन्ही टोकांत वीज असू शकते. अंधार बघून माणूस हात घालतो आणि संपतो.

मी ते सगळं वहिनींसमोर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि शिवण पुढे सरकवली. नवरा जिन्यातच गेला, हे त्यांनी नंतर सांगितलं. शॉक लागून नाही, पडून. दिवा मध्येच गेला होता.

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण चूक ती चूकच, मेलेल्या माणसाची झाली म्हणून ती बरोबर होत नाही.

संध्याकाळपर्यंत जोडणी नीट करून दिली. दोन्ही खटके वर किंवा दोन्ही खाली असले की दिवा चालू, एक वर एक खाली असला की बंद. वीस वेळा दाबून बघितलं. विषय संपला.

बुधवार, ९

या घराचा एक वेडगळपणा लिहून ठेवतो. जिन्याचं बटण दाबण्याआधी इथे ओरडून सांगतात. खालून वहिनी म्हणतात, मी लावतेय. वरून आजी म्हणतात, मी मालवतेय. परवापासून ऐकतोय. मला वाटलं सासूसुनांचा काही खेळ असेल. आज विचारलं. वहिनी म्हणाल्या की कोणी दाबलं ते कळावं म्हणून. न सांगता दिवा गेला, तर जिन्यात असेल त्याने आहे त्या पायरीवर बसायचं, भिंतीला हात लावायचा नाही, दिवा परत येईपर्यंत उठायचं नाही. आजींचे गुडघे वाकत नाहीत, त्यांना पायरीवर पटकन बसता येत नाही. म्हणून त्या उतरत नाहीत.

म्हणजे दिवा अधूनमधून जातो, हे दुखणं. त्यावर औषध काय, तर आरोळ्या. मी म्हटलं, वहिनी, ढिल्या स्क्रूला घाबरून तुम्ही म्हातारीला तीन वर्षं कोंडून ठेवलंत. आता माझी जोडणी आहे, आजपासून ओरडणं बंद.

त्या सुईत दोरा ओवायला लागल्या. आजींनी मात्र वरून विचारलं की नक्की का. मी नक्की म्हटलं.

गुरुवार, १०

दुपारी हात धुवायला खाली येत होतो. वळणावर आलो आणि दिवा गेला.

मी अर्थातच बसलो नाही. चाचपडत उतरलो, भिंतीला धरून. भिंत गार होती. खालचा खटका वर, परत वर जाऊन बघितलं, तिथलाही वर. दोन्ही वर म्हणजे दिवा लागलेला हवा. लागलेला नव्हता. बल्ब ठीक. स्क्रू घट्ट. खालचा खटका खाली केला तर लागला. म्हणजे नियम उलटा झाला होता.

चार वाजता पुन्हा सुलटा झाला.

शुक्रवार, ११

मी मूर्ख नाही. दोन बटणांच्या मधल्या दोन तारा, एक लाल, एक पिवळी. मेन बंद करून दोन्ही टोकांना तपासल्या. खालची लाल ती वरची लाल. बरोबर. तासाभराने पुन्हा तपासलं तर खालची लाल वर पिवळीला निघाली. तारा मध्ये कुठेतरी अदलाबदल करतात.

हे करणारी वस्तू मला चांगली ठाऊक आहे. तीन मजली जिन्याला मधल्या मजल्यावर तिसरं बटण लावतात, त्याला मधलं बटण म्हणतात. ते दाबलं की दोन तारांची फुली होते, पुन्हा दाबलं की फुली सुटते. तर या जिन्यात भिंतीआड कुठेतरी तिसरं बटण आहे. कारकुनाने हौसेने बसवलं असणार आणि वरून प्लास्टर मारून विसरला असणार. आतला खटका सैल होऊन आपोआप पडतो. यात भुताटकी काही नाही, नुसता निष्काळजीपणा आहे.

सामानाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला की त्या घरी जाणारा चौथा तुम्ही, आधीचे तिघे शिडी तिथेच टाकून गेले. मी म्हटलं शिडी टाकून जाणारा वायरमन नसतो, हमाल असतो. त्याला हसू आलं नाही. इथल्या लोकांना विनोद कळत नाही.

शनिवार, १२

वळणाजवळची भिंत फोडली. छिन्नी चालवून चालवून खांदे भरून आले. खालच्या बोर्डापासून वरच्या बोर्डापर्यंत सगळा पाइप उघडा केला.

अखंड पाइप. डबी नाही. बटण नाही. जोड नाही. तारा ओढून काढल्या, दोन सरळ तारा, एक लाल, एक पिवळी, कुठे फुली नाही, कुठे खरचटलेलं नाही.

म्हणजे मध्ये बटण नाही. पण कोणीतरी ते दाबत होतं.

हे लिहून बघितलं आणि माझंच मला हसू आलं. ओल असेल. जुन्या भिंतीत ओल असते.

सोमवार, १४

यावर उपाय सोपा आहे, मी उगीच चार दिवस घालवले. भिंतीत काही जायलाच नको. जुना पाइप रिकामा करून बुजवून टाकला. नव्या तारा समोरच्या भिंतीवरून, बाहेरून, लाकडी पट्टीत नेल्या. टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांना दिसतात. आता बघू कोण फुली मारतं.

दिवसभरात तीस वेळा तपासलं. नियम एकदाही बिघडला नाही. वहिनींना मी जरा ऐकवलंच, तीन वायरमन आणि एक नवरा मिळून जे जमलं नाही ते माझ्या एका पट्टीने झालं म्हणून. आजींनी दारात येऊन पायरीवर एक पाऊल टाकून बघितलं. मग हसल्या. तीन वर्षांनी, असं वहिनी म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मंगळवार, १५

दुपारी दिवा गेला. नियम बिघडलेला नाही. वरचा खटका वर, खालचा खाली, म्हणजे दिवा बंदच असायला हवा. फक्त खालचा मी वर ठेवला होता.

वहिनी दुकानात गेल्या होत्या. आजी वर, माझ्यासमोर. खाली कोणी नव्हतं.

खालच्या खटक्यावर चुन्याची भुकटी होती. शनिवारी भिंत फोडल्यापासून घरभर भुकटी आहे. तरी इतर कुठल्या बटणावर नव्हती.

बुधवार, १६

स्वयंपाकघरात खुर्ची टाकून त्या बटणासमोर बसलो. जेवण झाल्यापासून. वहिनींना सांगितलं की लोड तपासतोय. त्यांना लोड म्हणजे काय ते ठाऊक नाही, ही एक सोय.

तीन वाजून दहा मिनिटांनी खटका हलला.

झटक्यात नाही. नवखं माणूस भीत भीत दाबतं तसा, हळूच, आणि अर्ध्यात थांबला. अर्ध्यात थांबला की आत ठिणगी खेळते, चर्र आवाज येतो. तो आवाज मी दहाएक सेकंद ऐकला. मग खटका पूर्ण खाली गेला आणि जिन्यात अंधार झाला.

धड दाबताही येत नाही, हा माझा पहिला विचार. लिहितो कारण खरं आहे. मनात हेच आलं, की शिकाऊ आहे. आणि मग लक्षात आलं. भिंतीत त्याचं स्वतःचं बटण होतं, निदान तशी सवय होती. ती जागा मी बंद केली. आता त्याला बाहेर यावं लागतंय.

खुर्ची तिथेच आहे. मी नाही.

गुरुवार, १७

वहिनींना सांगावं का? सांगायचं म्हणजे काय सांगायचं, की ओरडत होतात तेच बरोबर होतं? की तुमचा कारकून माझ्यापेक्षा शहाणा होता, त्याने ते निदान भिंतीत तरी ठेवलं होतं?

आज आजींनी विचारलं की त्यांचं निळं पातळ वहिनींनी इस्त्री केलं का. रविवारसाठी.

सकाळपासून चार वेळा खटका पडला. चौथ्या वेळी आवाज आला नाही. चटकन, स्वच्छ. शिकलं.

शुक्रवार, १८

खालचं बटण काढून टाकलं. तारा पक्क्या जोडून वर कोरी पट्टी ठोकली. दोन्हीकडून दिवा लावण्यात ज्याची हयात गेली, त्याने एका बटणाचा जिना करून ठेवला. वहिनींना म्हटलं तात्पुरतं आहे, चांगल्या कंपनीचं बटण मागवलंय. त्यांनी मान डोलावली. आता सगळ्या जिन्याला एकच बटण, वर, माझ्या दाराशी. दिवा कायम चालू ठेवायचा.

संध्याकाळपर्यंत दिवा हलला नाही.

शनिवार, १९

पूर्ण दिवस शांत. सकाळी दिवा चालू, दुपारी चालू, आत्ताही चालू. बस आता बोंबलत, खाली बटणच नाही तर दाबणार काय.

आजींनी पाच पायऱ्या उतरून दाखवल्या, पुन्हा चढल्या. वहिनी म्हणत होत्या की उद्या बॅटरी हातात ठेवू, असावी म्हणून. मला राग आला. म्हटलं माझ्या दिव्यात दुसरा दिवा घेऊन फिरणार असाल तर मला बोलावलंत कशाला. मग त्यांनी बॅटरी कपाटात ठेवली. आजी माझ्या बाजूने बोलल्या. म्हणाल्या, वायरमन नक्की म्हणालाय ना, मग झालं.

छान झोप लागेल.

रविवार, २०

साडेचार. बहीण आली आहे, खाली बसली आहे, आवाज वरपर्यंत येतोय. आजी निघाल्या. वहिनी एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून, दोन्ही हात धरून उलट्या उतरताहेत. मी वरच्या बटणाशी स्टूल टाकून बसलोय. उगीच आपलं, मान म्हणून. वही मांडीवर. हा प्रसंग लिहायलाच हवा.

दुसरी पायरी. आजी प्रत्येक पायरीला थांबतात.

तिसरी. बहीण खालून हाक मारतेय. आजी म्हणाल्या, आले गं.

चौथी.

खटक्याच्या आत चर्र झालं.

मी बोट ठेवलंय. डाव्या हाताचं, दाबून, खटका वरच धरून. तो खाली यायला बघतोय. जोर फार नाही. पण सोडतही नाही.

पाचवी. ओरडलो तर आजी दचकतील. मागे वळायला जातील. वळता येणार नाही. बसताही येणार नाही.

एकच बटण ठेवलं मी. सगळ्या जिन्यात एकच, आणि ते माझ्या शेजारी. त्याला भिंतीतून खाली आणलं. खालून वर आणलं. मीच. थेट जोडायचा होता दिवा, बटण नकोच होतं. हार मानल्यासारखं वाटलं म्हणून —

सहावी. वहिनींनी वर बघितलं. मी हसलो. हसलो बहुतेक.

वहीत बघतोय. डावीकडे बघायचं नाही, म्हणून लिहितोय. डावीकडे कोणीतरी वाकलंय. वहीवर चुना पडतोय, बारीक.

वळण. आता मला दिसत नाहीत. फक्त पावलं. खाली आठ राहिल्या.

हे आधी सांगायला हवं होतं. गुरुवारी. बॅटरी तरी —

सात. बोट बधिर झालंय, आता चारही लावलीत. जोर वाढतोय. घाई नाही त्याला. त्याला सगळं नीट जमतं आता.

सहा. आजी काहीतरी सांगताहेत. वायरमनला चहाला खाली बोलवा म्हणताहेत.

पाच. ओरडायचंय, आजी जपून, आजी तिथेच भिंतीला —

चार. माझी बोटं अजून खटक्यावर आहेत. त्यांच्यावर दुसरी. गार. एकेक करून माझी बोटं उच